एकाच फॉर्मात दोन डॉक्टर

राज्याच्या सीईटी सेलने आरोग्य अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी गट पाडले आहेत. आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी एका गटात. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी वगैरे दुसऱ्या गटात. एमबीबीएस आणि दंतवैद्यकाचं बीडीएस मात्र दोन्ही मिळून 'अ' गटात. त्यामुळे या दोघांचा पसंतीक्रमाचा फॉर्म एकच असतो. कॉलेजांचे कोड एकाखाली एक टाकत जायचे, पैसे भरायचे, सबमिट करायचं.

बहुतेक घरांत हा फॉर्म एकाच रीतीने भरला जातो. आधी सरकारी आणि महापालिकेची एमबीबीएस कॉलेजं, मग कर्ज काढून झेपतील तेवढी खासगी एमबीबीएस कॉलेजं, आणि ती संपली की खाली बीडीएस. त्या दोहोंमध्ये एक रेघ असते. फॉर्मवर ती कुठे छापलेली नाही, पण क्लासमधले सर तिच्यावर बोट ठेवून बोलतात, नातेवाईक बोलतात, आणि हजारो रुपये घेऊन यादी करून देणारे काउन्सेलर तीच यादी प्रत्येकाच्या हातात देतात. रेघेच्या वर नंबर लागला तर पेढे. खाली लागला तर 'चला, निदान डॉक्टर तरी झाली'.

या अंकाचा विषय 'पर्याय' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला या रेघेबद्दलच लिहावंसं वाटलं. ओळखीपाळखीतली किती तरी मुलं अठराव्या वर्षी या रेघेपाशी स्वतःची किंमत ठरवताना मी पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. ही एका वाटेची वरची आणि खालची पायरी नाही. ही दोन निराळी कामं आहेत, त्यांना लागणारे हात निराळे, धीर निराळा, पैसा निराळा. आणि दोन्हींपैकी एकही काम डोळ्यांनी न पाहिलेल्या मुलाला त्यांतलं एक आयुष्यभरासाठी निवडायला लावणं हा मोठा अन्याय आहे.

बंदीचे दिवस

ही रेघ मला जवळून दिसली ती मुंबईच्या मढ कोळीवाड्यात. मढला मालाड स्टेशनहून २७१ नंबरची बस जाते. मार्वे रोडने, आक्सा आणि एरंगळ मागे टाकत. अंधेरीकडून यायचं तर वर्सोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट मिळते. खाडीचं तोंड ओलांडायला काही मिनिटंच लागतात, आणि बोटीत माणसांच्या जोडीने मोटरसायकलीही उभ्या असतात. मी गेले ते जुलैत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या होत्या, पडव्यांमध्ये जाळी विणणं-सांधणं चाललं होतं, आणि बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव रिकामे होते.

नीट या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो जूनमध्ये आणि प्रवेशाची धावपळ सुरू होते जुलै-ऑगस्टमध्ये. मासेमारीवर चालणाऱ्या घरात हाच काळ हात आखडता घ्यायचा. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात, पण पहिल्या फेऱ्यांचा पैसा डिझेल, बर्फ आणि खलाशांचा हिशेब यांतच जातो. नेमकी तेव्हाच कॉलेजची फी, डिपॉझिट, हॉस्टेल यांची मागणी येते. शहरातल्या पगारदार घराला हा कॅलेंडरचा पेच कळणार नाही.

कोळीवाड्यातल्या ज्या घरात मी बसले होते, त्या घरातल्या मुलीने नीटसाठी दोन वर्षं अंधेरीत क्लास केला होता. पहाटेच्या फेरीने जायचं, संध्याकाळी परत. जोरदार पाऊस लागला आणि फेरी बंद झाली की मालाडला वळसा घालून घरी. तिचा मेरिट नंबर असा अधल्यामधल्या जागी आला होता की मुंबईतलं सरकारी एमबीबीएस हुकणार हे नक्की, दूरच्या जिल्ह्यातलं खासगी एमबीबीएस शेवटच्या फेरीपर्यंत कदाचित मिळेल, आणि मुंबईतलं सरकारी बीडीएस जवळजवळ हातात.

वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. ते जाळ्यातून नजर न काढता म्हणाले, "एक वर्स अजून देऊ. एक सीझन वाईट गेला म्हणून होडी विकतो काय आपण?"

आईची मासळीची पाटी मालाडच्या बाजारात असते. तिचा प्रश्न वेगळा होता. "मढमध्ये रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर ही काय करणार? दात बघणार?"

आजी ओटीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "दाताचा डॉक्टर तो डॉक्टर नाय काय गो?"

मुलगी गप्प होती. नंतर बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मावशी, मी अजून एकपण हॉस्पिटल आतून नीट बघितलेलं नाही. सगळे मला विचारतात तुला काय व्हायचंय."

हे तिचं एकटीचं दुखणं नाही. नीटचा पेपर ७२० गुणांचा, प्रश्न १८०, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे, उरलेले भौतिक आणि रसायनशास्त्राचे निम्मे-निम्मे. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ मुलांना पैकीच्या पैकी गुण जाहीर झाले होते. २०२५ मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ मिळाले. म्हणून आदल्या वर्षीच्या कटऑफच्या गुणांवर या वर्षीचं घर बांधता येत नाही, बघायचा तो मेरिट नंबर. पण गुण असोत की नंबर, दोन्हींतून एवढंच कळतं की मुलाने पुस्तक किती घोटलं आणि तीन तासांत डोकं किती शांत ठेवलं. हात कसा चालतो, घाबरलेल्या माणसाशी बोलता येतं का, रात्रभर जागून सकाळी पुन्हा उभं राहता येतं का, यातलं काहीही तो पेपर विचारत नाही.

बाल्टिमोर ते मुंबई सेंट्रल

दात शरीराचाच भाग असताना त्याची पदवी वेगळी का, हा आजीच्या प्रश्नातला गाभा आहे. याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. १८४० मध्ये होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस यांनी बाल्टिमोरला दंतवैद्यकाचं स्वतंत्र कॉलेज काढलं. जगातलं ते पहिलं. तोवर दात काढणारे लोक गुरूच्या हाताखाली शिकत. मेडिकल कॉलेजात त्यांना जागा नव्हती. एकदा कॉलेज वेगळं झालं, की परीक्षा वेगळी, परवाना वेगळा आणि पदवीही वेगळी होते. जगभर पुढे हाच साचा गेला.

या विभागणीने दंतवैद्यकाचा दर्जा कमी ठरला असं मात्र इतिहास सांगत नाही. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इथरची भूल देऊन जी शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष झाली, ती भूल देणारा विल्यम मॉर्टन हा दंतवैद्य होता. आजची प्रत्येक शस्त्रक्रिया त्या सकाळची ऋणी आहे.

भारतात पहिलं डेंटल कॉलेज डॉ. आर. अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढलं. मुंबई सेंट्रलचं नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज १९३३ चं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९४८ मध्ये डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला आणि दंतवैद्यकाचं नियमन कायमचं वेगळं झालं. अलीकडे मेडिकल कौन्सिल जाऊन २०१९ च्या कायद्याने नॅशनल मेडिकल कमिशन आलं, आणि डेंटल कौन्सिलच्या जागी नॅशनल डेंटल कमिशन आणणारा कायदा २०२३ मध्ये झाला. म्हणजे सुधारणासुद्धा दोन स्वतंत्र रुळांवरूनच चालल्या आहेत. एका रुळावरून दुसऱ्यावर जायला सांधा नाही. बीडीएस झाल्यावर एमबीबीएस करायचं तर पुन्हा नीट द्यायची आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. 'आधी बीडीएस कर, मग बघू' असं सांगणाऱ्या प्रत्येक काकाने हे आधी समजून घ्यावं.

आरशात बघून

बीडीएसचं पहिलं वर्ष बाहेरून एमबीबीएससारखंच दिसतं. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. फरक दुपारी कळतो. मुलांच्या हातात मेणाची चौकोनी वडी आणि एक छोटं धातूचं हत्यार येतं. दोन टोकांचं, एक टोक चपटं पात्यासारखं, दुसरं चमच्यासारखं. त्याला लेक्रॉन कार्व्हर म्हणतात. वडी कोरून त्यातून दात काढायचा. वरचा पुढचा दात, मग सुळा, मग दाढ. प्रत्येक दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे किती, कुठला उंच, मधली खाच कुठून सुरू होते, मूळ कुठल्या बाजूला झुकतं, हे सगळं मेणात उतरलं पाहिजे. चुकून एक उंचवटा उडाला की वडी बाजूला ठेवायची आणि नवी घ्यायची. एका इंटर्न मुलीने मला आपला पहिल्या वर्षाचा डबा दाखवला. कापसात ठेवलेले पिवळट दात. त्यांतले निम्मे सरांनी नापास केलेले. "नीटमध्ये माझे बायोलॉजीला उत्तम मार्क होते," ती म्हणाली, "आणि मला पहिले तीन महिने एक दात जमत नव्हता. माझ्या बाजूला बसणारी मुलगी रांगोळी काढायची. तिला पहिल्याच आठवड्यात जमला."

दुसऱ्या वर्षी येतं फँटम हेड. बाकाला जोडलेलं धातूचं डोकं, त्याला रबराचे गाल आणि आत बसवलेले दात. त्यावर खड्डा कोरायचा, भरायचा. इथे पहिल्यांदा आरशात बघून काम करावं लागतं. वरच्या दाढांचा मागचा भाग डोळ्यांना सरळ दिसत नाही. डाव्या हातात छोटा गोल आरसा, त्यातलं प्रतिबिंब पाहत उजव्या हाताने मिनिटाला लाखो फेरे घेणारा एअरोटर चालवायचा. आरशात पुढे दिसतं ते प्रत्यक्षात मागे असतं. हात मनाच्या उलट न्यायला शिकायचं, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर दाताची नस उघडी पडते.

तिसऱ्या वर्षापासून खरे पेशंट. प्रत्येक विषयाचा कोटा असतो. इतके दात काढलेले, इतके भरलेले, इतक्या कवळ्या केलेल्या. कोटा भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. सकाळी ओपीडीत केसपेपरच्या रांगा लागलेल्या असतात. मीरा रोड, कल्याण, उरण, कुठून कुठून माणसं येतात, कारण बाहेर ज्या कामाला हजारो रुपये लागतात ते इथे थोडक्यात होतं.

मी रूट कॅनालच्या खुर्चीशेजारी उभी राहून पाहत होते. दाढेच्या मुळात केसासारखी बारीक फाइल उतरते. जांभळी दहा नंबरची, पांढरी पंधरा, पिवळी वीस, लाल पंचवीस. रंगानुसार जाडी वाढत जाते. वरच्या पहिल्या दाढेला बघताक्षणी तीन कालवे दिसतात, पण बऱ्याचदा चौथाही असतो आणि तो लपलेला असतो. तो राहिला की सहा महिन्यांनी पेशंट सुजलेला गाल घेऊन परत. खुर्चीवरच्या मुलीने तो शोधायला बराच वेळ घेतला. पेशंट दोनदा चुळबुळला, तिने दोन्ही वेळा हात थांबवून त्याच्याकडे बघून "झालंच हं काका" म्हटलं आणि पुन्हा आरशात वाकली. मानेचं आणि पाठीचं दुखणं हे या धंद्याचं घरचं दुखणं आहे, आणि ते का, हे ते दृश्य पाहिल्यावर विचारावं लागत नाही.

वॉर्डातली रात्र

एमबीबीएसचं शिक्षण असं एका खुर्चीभोवती फिरत नाही. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाचा हॉल आणि फॉर्मेलिनचा वास. नंतर वॉर्ड. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. केईएमला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ चं, जे. जे.चं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. दोन्हीकडे वर्षाला अडीचशे मुलं घेतात. उपनगराला स्वतःचं पालिकेचं मेडिकल कॉलेज मिळालं ते फार उशिरा, २०१५ मध्ये, जुहूजवळच्या कूपर हॉस्पिटलात. मढच्या माणसाला खाडी ओलांडली की कूपर सगळ्यांत सोयीचं. तिथल्या कॅज्युअल्टीत बोटीवर हात कापलेला खलाशीही येतो आणि हायवेवर पडलेला मोटरसायकलवालाही.

मेडिकलच्या विद्यार्थ्याला आधी शिकवतात ते हिस्टरी घेणं. माणूस जवळ बसवून विचारायचं. ताप कधीपासून, रोज ठरलेल्या वेळी येतो का, थंडी वाजते का, आधी काय औषध घेतलं. उत्तरं अर्धवट येतात, भाषा वेगळी असते, नातेवाईक मध्येच बोलतात. त्या गोंधळातून आजाराचा माग काढायचा. हाताचं कसब इथेही लागतं, पण कामाचा मोठा भाग डोक्यात चालतो, आणि निर्णय बऱ्याचदा अपुऱ्या माहितीवर, घाईत घ्यावा लागतो.

इंटर्नशिपच्या वर्षात मुलं सगळ्या विभागांतून फिरतात. रक्त काढणं, सलाइनची सुई लावणं, रिपोर्ट आणायला धावणं, प्रसूतीच्या खोलीत उभं राहणं. रात्री तीन वाजता एक पेशंट बिघडतो, त्याचं आवरेपर्यंत दुसरा. पालिकेच्या रुग्णालयात इंटर्नशिप संपवलेला एक तरुण डॉक्टर मला म्हणाला, "पहिल्यांदा माझ्यासमोर माणूस गेला तेव्हा मी बाहेर जाऊन दहा मिनिटं नळाखाली तोंड धुत होतो. आत परत गेलो तर दुसऱ्या पेशंटचं बीपी घ्यायचं होतं." दंतवैद्याच्या आयुष्यात असा प्रसंग क्वचितच येतो. डॉक्टरच्या आयुष्यात तो कामाचा भाग आहे. ज्याला हे पेलतं त्याने इथे यावं. ज्याला पेलत नाही त्याला नालायक समजू नये.

आणि पदवी हातात आली म्हणजे संपलं असं नाही. सरकारी कॉलेजातून शिकलेल्याला राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. पुढे नीट-पीजी. दर वर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास डॉक्टर या परीक्षेला बसतात आणि एमडी, एमएस, डीएनबी मिळून जागा त्यांच्या तुलनेत फार थोड्या. त्यातही हवा तो विषय मिळणं वेगळं. मुंबईत नुसत्या एमबीबीएसवर प्रॅक्टिस टाकणारे आता कमीच. वस्तीतला दवाखाना बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरचा असतो. म्हणजे एमबीबीएसला बसलेल्या मुलाने अठराव्या वर्षीच दहा-अकरा वर्षांचा हिशेब धरावा लागतो. तांडेलांनी 'एक वर्स अजून' म्हटलं तेव्हा हा हिशेब त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलेलाच नव्हता.

तीन बोटं

मढच्या आईचा प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला. छातीत दुखलं तर दंतवैद्य काय करणार? खरं आहे, हृदयविकारावर उपचार करणं तिचं काम नाही. पण त्याच घरात ओटीवर बसलेल्या आजीच्या कमरेला मिश्रीची डबी होती. भाजलेली तंबाखू, सकाळी दातांना लावायची, मग दुपारी, मग संध्याकाळी सवयीने. घरातले तरुण मुलगे सुपारी आणि पुड्या खातात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत.

सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठरते. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गालाच्या आत पांढरट पट्टे येतात, आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. तपासायची साधी रीत आहे. आपल्याच हाताची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहायची. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर डेंटल कॉलेज गाठायचं. हा आजार सबम्युकस फायब्रोसिस. आखडलेली त्वचा पूर्ववत होत नाही, आणि काहींमध्ये तिथेच पुढे कॅन्सर होतो. भारतातल्या पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे. टाटा मेमोरियलच्या रांगेत उभा राहिलेला माणूस कित्येकदा तिथे फार उशिरा पोहोचलेला असतो. त्याच्या तोंडात वेळेवर दिवा धरून बघणारं कुणी असतं, तर ती दंतवैद्यच असती. जनरल ओपीडीत तोंड उघडून गालाच्या मागपर्यंत बघायला फार थोड्या डॉक्टरांना फुरसत असते.

मी आजींना तीन बोटांची खूण दाखवली. त्यांनी करून पाहिली. त्यांची गेली. मग त्यांनी नातवाला हाक मारून करायला लावली. त्याची अडली. तो हसून बाहेर गेला. त्याची बहीण, फॉर्म भरणारी, हसली नाही.

खुर्ची, भाडं आणि टक्के

पैशाचं बोलणं आपण टाळतो आणि मग मुलं पंचविसाव्या वर्षी त्याच्यावर आपटतात. म्हणून स्पष्टच.

बीडीएस पाच वर्षांत पूर्ण होतं. चार वर्षं अभ्यास, एक इंटर्नशिप. बाविशी-तेविशीत हातात परवाना. पण परवान्याबरोबर क्लिनिक येत नाही. साधी देशी बनावटीची डेंटल चेअर दीड-दोन लाखांपासून पुढे, मग कॉम्प्रेसर, एक्स-रे, हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, जागेचं डिपॉझिट. मुंबईत ही जागाच सगळ्यांत महाग. म्हणून बहुतेक नवे दंतवैद्य पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये टक्क्यांवर काम करतात. सकाळी एका ठिकाणी, संध्याकाळी दुसऱ्या. केलेल्या कामातला ठरलेला हिस्सा हातात. दाताची कॅप लॅबमधून यायला उशीर झाला, पेशंट आला नाही, तर त्या दिवशी काहीच नाही. दात भरणं, रूट कॅनाल यांना आरोग्य विमा सहसा लागू होत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःच्या खिशातून देतो आणि दुखेपर्यंत टाळतो.

सरकारी नोकरीत फरक फारच ढळढळीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत एमबीबीएसला जागा असतात. दंतशल्यचिकित्सकाची पदं त्यांच्या तुलनेत थोडी. देशात तीनशेहून जास्त डेंटल कॉलेजं आहेत, बहुतेक खासगी. दर वर्षी सत्तावीस-अठ्ठावीस हजार बीडीएसच्या जागा. इतक्या पदवीधरांना सामावून घेईल एवढी व्यवस्था सरकारने उभीच केली नाही. म्हणून काही दंतवैद्य मेडिकल कोडिंगला, औषध कंपन्यांत, इन्शुरन्सच्या कामाला जातात. हे बीडीएसचं खरं दुखणं आहे, आणि ते मुलीच्या गुणवत्तेशी संबंधित नाही.

मात्र याच्या दुसऱ्या बाजूला चांगला हात आणि धीर असलेला दंतवैद्य तिसाव्या वर्षी स्वतःच्या क्लिनिकचा मालक असतो, रात्री आठ वाजता दार बंद करून घरी जातो. त्याच वयाचा एमबीबीएस डॉक्टर कदाचित सुपरस्पेशालिटीच्या रात्रपाळीत असतो. आणि जबड्याच्या, चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करायच्या असतील, तर आपल्याकडे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस करून तिथे जाता येतं. इंग्लंडमध्ये याच कामाला दोन्ही पदव्या लागतात.

फीचं गणितही उलगडून बघावं. सरकारी एमबीबीएस आणि सरकारी बीडीएस दोन्ही सामान्य घराला झेपतात. खासगीत एमबीबीएसची वर्षाची फी बीडीएसच्या कितीतरी पट. राज्याने २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्याने पुष्कळ घरांचं चित्र बदललं. पण हॉस्टेल, मेस, पुस्तकं आणि डेंटलच्या मुलांना स्वतः विकत घ्यावी लागणारी हत्यारं त्यात येत नाहीत. आणि जातवैधता, नॉन-क्रीमी लेअर हे कागद जुलैत काढायला गेलं तर ऑगस्ट हातातून जातो. हे कागद मुलगी अकरावीत असतानाच काढून ठेवावेत.

'मुलींसाठी बरं'

डेंटल कॉलेजच्या वर्गात आज मुली जास्त दिसतात. याची जी कारणं घराघरांत ऐकू येतात ती मला मान्य नाहीत. 'लग्नानंतर सोयीचं', 'रात्रपाळी नाही', 'घराखाली क्लिनिक टाकता येतं'. वेळ ठरलेली असणं ही खरी सोय आहे, ती कुणालाही हवीशी वाटेल, मुलालाही. पण ती सोय मुलीच्या माथी मारून तिची वॉर्डातली इच्छा दाबणं, आणि त्याच वेळी नाजूक हाताच्या मुलाला 'डेंटल काय घेतोस' म्हणून तीनदा नीटला बसवणं, हे दोन्ही एकाच चुकीतून येतं. काम कुणाला जमतं हे न बघता कुणाला शोभतं हे बघायचं.

अजून एक वर्ष

ड्रॉप घेणं वाईट नाही. फॉर्म्युले कच्चे राहिल्यामुळे भौतिकशास्त्रात अडलेला आणि वॉर्डातच जायचं हे पक्कं ठाऊक असलेला मुलगा एक वर्ष थांबला तर त्यात शहाणपण आहे. पण नुसतं 'बीडीएस घेतलं तर लोक काय म्हणतील' या भीतीने घेतलेला ड्रॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाकडे ओढत नेतो. मला भेटलेल्या एका विद्यार्थ्याने तिसऱ्या प्रयत्नानंतर बीडीएस घेतलं, आणि आज तो कवळी बसवताना इतका रंगून जातो की शिकवणारेही थांबून बघतात. गेलेल्या दोन वर्षांबद्दल तो कडवट बोलत नाही, पण आईवडिलांबरोबर त्या काळात झालेली भांडणं त्याला अजून बोचतात.

मढच्या मुलीला आणि तिच्या आजीला मी शुक्रवारी सोबत घेऊन गेले. सकाळची फेरी, वर्सोव्याहून मेट्रो, अंधेरीहून लोकल, मुंबई सेंट्रल. आजीच्या एका हलत्या दाढेसाठी केसपेपर काढला आणि खुर्चीशेजारी मुलगी तासभर उभी राहिली. नंतर नर्स असलेल्या मामेबहिणीच्या ओळखीने तिने एका वॉर्डात दुपार काढली. रात्री तिने यादी स्वतः बनवली. मुंबईतली एमबीबीएस कॉलेजं वर, त्यांच्याखाली लगेच मुंबईतली दोन्ही सरकारी-पालिकेची डेंटल कॉलेजं, आणि दूरच्या जिल्ह्यांतली खासगी एमबीबीएस त्यांच्याही खाली. क्लासच्या सरांनी फोन करून "क्रम चुकलाय" असं सांगितलं. तिने वडिलांना समोर बसवून कारण सांगितलं. कर्ज किती, वर्षं किती, आणि हाताने बारीक काम करायला आपल्याला आवडतं हे तिला त्या खुर्चीपाशी कळलं. वडील म्हणाले, "मग नीट बघून भर."

हे प्रत्येक मुलाला का मिळू नये? निकाल आणि फॉर्म यांच्यामध्ये काही आठवडे असतात. राज्यातल्या प्रत्येक शासकीय मेडिकल आणि डेंटल कॉलेजने त्या काळात दोन-तीन दिवस 'अ' गटाच्या मुलांसाठी ठेवावेत. मेडिकलला पेशंटची गुप्तता सांभाळून वॉर्डातली एक फेरी आणि रेसिडेंट डॉक्टरबरोबर अर्धा तास बोलणं. डेंटलला मेणाची एक वडी, एक कार्व्हर आणि फँटम हेडपुढची खुर्ची. त्याला नवीन इमारत लागत नाही की बजेट लागत नाही. आरोग्य विद्यापीठाने एक परिपत्रक काढलं आणि सीईटी सेलने पोर्टलवर तारखा टाकल्या, तर पुढच्या वर्षीच्या निकालानंतरच हे सुरू होऊ शकतं.